कोपऱ्यातली कवडी

पल्लवे, ये इकडं, अशी जवळ येऊन बस. कागदावरून का होईना, पण बस. आधी माझी चार बोलणी खा, मग पुढचं वाच.

काल तू फोनवर तुझ्या नव्या मॉनिटरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, रंग कसे वाटतात सांग, तू स्टुडिओवाली आहेस." अगं बाई, पडद्याचा फोटो तू तुझ्या फोननं काढणार, तो मी माझ्या फोनच्या पडद्यावर पाहणार, आणि त्यावरून मी सांगायचं की तुझा पडदा चांगला की वाईट? उद्या वरणाचा फोटो पाठवशील आणि विचारशील, मीठ बरोबर पडलं का? वर म्हणतेस, खोक्यावरचे सगळे आकडे नीट वाचून घेतला. खोक्यावर कोणी लिहितं का, की आमच्या मालाचा एक कोपरा पिवळा आहे म्हणून? लहान लेकरांच्या पुस्तकांची चित्रं काढतेस तू. पडद्यावर राखाडी केलेला हत्ती पुस्तकात जांभळट निघाला, तर लेकरं कोणाला विचारतील?

झालं माझं बोलून. रागावू नको. खरं सांगू, तुझा तो फोटो पाहिला आणि दिवसभर मला यमुनाबाईच दिसत राहिल्या. तू त्यांना कधी पाहिलं नाहीस. तू सुट्टीत वर्ध्याला आमच्याकडं यायचीस तेव्हा त्या आमच्या फोटो स्टुडिओत नव्हत्या, आणि त्या आल्या तेव्हा तुझं येणं सुटलं होतं. त्यांच्याबद्दल मी कोणाजवळ बोललेही नाही फारशी. त्याला कारण आहे. ते कारण सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, चुका झाल्या तर तूच नीट कर.

यमुनाबाई मूळच्या रोहण्याच्या. माहेरी भाजीपाल्याचं वावर. लग्न होऊन सिंदी मेघ्यात आल्या, आमच्या मागच्याच गल्लीत. नवरा लवकर गेला, एक लेक होती ती नांदायला गेली. यमुनाबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कवडी वेचायला जायच्या. तुला पुण्यात राहून कवडी माहीत नसणार. पावसानं नाही तर किडीनं डागाळलेला, पिवळा पडलेला कापूस, त्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. पांढऱ्याशुभ्र ढिगात मूठभर कवडी राहिली तरी सगळा माल हलका ठरतो. म्हणून बाया रांगेनं बसतात आणि ती वेचून काढतात. यमुनाबाईंनी हे काम पंधरा वर्षं केलं. पुढं कापसाच्या धुळीनं खोकला जडला, डॉक्टरनं जिनिंग बंद करायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना आमच्या स्टुडिओत घेऊन आले. अल्बममध्ये फोटो लावायचे, कडा कापायच्या, केर काढायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचं, असं काम.

बुटक्या, काटक्या. खोकल्यासाठी गालात कायम एक लवंग. आणि पाहायची तऱ्हा अशी, की कधी सरळ पाहणारच नाहीत. मान जरा वाकडी करून, एका डोळ्यानं, कोंबडी दाण्याकडं पाहते ना तशा पाहायच्या. चहासुद्धा प्यायच्या आधी बशीत ओतून असाच पाहून घ्यायच्या. "वहिनी, आज दुधात पाणी नाई टाकलं तुम्ही, पाण्याले दूध दाखवलं."

तेव्हा कम्प्युटरचे चपटे पडदे नवेनवे निघाले होते. तुझ्या काकांनी हौसेनं एक मागवला. जोडून देणारा माणूस आला, त्यानं सगळा पडदा पांढरा करून दाखवला आणि म्हणाला, "पाहा काका, कसा दुधासारखा." यमुनाबाई मागं केर काढत होत्या. झाडू हातात तसाच, मान वाकडी.

"खालच्या डाव्या कोपऱ्यात कवडी हाय," त्या म्हणाल्या.

तो माणूस हसला. "मावशी, हा कम्प्युटर हाय, कापूस नोहे."

"मालूम हाय मले बाप्पा. कापूस असता तं आतापावतर वेचून फेकली असती. याच्यातली कशी काढतं ते तू सांग."

मीही हसले होते. पण तुझे काका हसले नाहीत. त्यांनी पडद्यावर तिकिटाएवढा एक पांढरा चौकोन केला, बाकी सगळं काळं, आणि तो चौकोन मधोमधून हळूहळू खालच्या डाव्या कोपऱ्याकडं सरकवत नेला. मधात होता तेव्हा पांढरा. कोपऱ्यात गेला तसा चहा पिणाऱ्याच्या दातासारखा झाला. जोडणाऱ्यानं खिशातून रुमाल काढून काच पुसली. पुन्हा पुसली. मग पडदा खोक्यात भरला.

"पांढऱ्याजवळ पांढरं ठेवल्याबिगर पांढरं कळत नाई," यमुनाबाई म्हणाल्या आणि उरलेला केर काढायला लागल्या.

त्या दिवसापासून आमच्याकडं रीतच पडली. यमुनाबाईंनी पाहिल्याशिवाय पडदा टेबलावर बसायचा नाही. आणि त्यांचं पाहणं म्हणजे काय सांगू, मुलगी पाहायला येतात तसा थाट. आधी अर्धा तास पडदा नुसता सुरू ठेवायचा. "जळू द्या त्याले जरासा. झोपीतून उठल्याबरोबर कोनाचंबी तोंड पाहून परीक्षा करू नाई." मग ओल्या फडक्यानं काच पुसायची, दुकानाचं शटर अर्धं खाली, ट्यूबलाइट बंद. स्वतः त्या दिवशी राखाडी लुगडंच नेसून यायच्या. का, तर रंगीत लुगड्याची झाक काचेत पडते आणि डोळा फसतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. खुर्चीवर बसून आधी आपल्या मांडीवरच्या त्या राखाडी लुगड्याकडं पाहत राहायच्या, मिनिटभर. म्हणायच्या, डोळा धुऊन घेऊन राह्यली. मग एकदम मान वर.

आधी पांढरा पडदा, मग राखाडी, मग काळा. पांढऱ्यापेक्षा राखाडीवर त्यांचा भरवसा जास्त. पांढऱ्याच्या झगमगाटात दोष लपतात, राखाडीत उघडे पडतात, असं त्यांचं म्हणणं. कुठं गुलाबी ढग दिसतो, कुठं हिरवट पट्टा, ते बोटानं हवेतच दाखवायच्या, काचेला बोट लावायच्या नाहीत. मग उठून डावीकडून पाहायच्या, उजवीकडून पाहायच्या, खाली बसून पाहायच्या. "समोरून सारेच साजरे दिसतेत. जरा बाजूले सरका, मंग रंग बदलते की नाई ते पाहा. मानसाचंबी तसंच हाय." शेवटी काळा पडदा. दुकान पुरतं अंधारात, आम्ही सगळे श्वास धरून, आणि यमुनाबाई सांगणार, "खालच्या कडेतून उजेड गळून राह्यला." बंद दाराच्या फटीतून यावा तसा तो उजेड खरंच दिसायचा, त्यांनी सांगितल्यावर.

एकदा या अंधारात एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत आलं आणि म्हणालं, "काऊन हो, लाइन गेली काय? आमच्याकडं तं हाय." यमुनाबाई अंधारातून बोलल्या, "लाइन हाय, भाऊ. आमी उजेड पाहून राह्यलो." ते गिऱ्हाईक आल्या पावली बाहेर.

अशाच एका दिवशी एक पाहुणे लग्नाचा अल्बम पाहायला आले. अंगात लालभडक शर्ट, येऊन बसले पडद्यासमोर. यमुनाबाईंनी दोन मिनिटं दम धरला, मग म्हणाल्या, "भाऊ, रागावजो नाई, जरा उंबऱ्याबाहेर उभे राहा. तुमच्या शर्टानं नवरीचे गाल लाल करून राह्यले." पाहुणे चिडतील म्हणून मी घाबरले. पण ते मागं सरकले आणि नवरीच्या गालांवरची लाली खरंच उतरली. मग पुढं सरकले, लाली चढली. असं चारदा केलं त्यांनी, लहान पोरासारखं, आणि मग शर्टावर काळी शाल गुंडाळून बसले.

आणि एक सांगते. एका नवरीची आई रोज यायची, पोरीला गोरी करा म्हणून. आमचा प्रशांत तेव्हा, नोकरीला लागायच्या आधी, दुकानात नवीन शिकत होता, तो माउसनं गोरी करायचा, बाई म्हणायची आणखी. चेहरा पार चुन्यासारखा झाला. यमुनाबाई अल्बमला फोटो लावता लावता म्हणाल्या, "बाई, पोरगी सावळी हाय तुमची, कवडी नाई. वेचून कायले काढून राह्यल्या तिले?" त्या बाईचे डोळे भरले. फोटो जसा होता तसाच छापला.

बोलणं असं होतं त्यांचं. पण बाहेर कोणाला हे माहीत नव्हतं. नागपूरच्या व्यापाऱ्यांत आमच्या दुकानाचं नाव झालं होतं, की वर्ध्याच्या काकूंकडं डागी माल चालत नाही. "काकूंचा डोळा" असं म्हणायचे. मी नुसती हसायची. माझा नाही, त्यांचा डोळा आहे, एवढी चार अक्षरं बोलायला काय लागत होतं? पण बोलले नाही. मालकीण ना मी. यमुनाबाई समोर बसून कडा कापत असायच्या आणि त्याही हसायच्या. त्यांना वाटायचं, दुकान काय अन् वहिनी काय, एकच आहे.

आता ते न बोलण्याचं कारण सांगते.

तुझे काका गेले, तेव्हा प्रशांतनं नोकरी सोडून दुकान हाती घेतलं. पहिलं वर्ष फार वाईट. जुनी गिऱ्हाइकं येऊन विचारायची, "काका नाईत का?" आणि प्रशांत खाली मान घालायचा. मग त्यानं ठरवलं, काहीतरी स्वतःचं करायचं. कोणाला न विचारता, मलाही न सांगता, नागपूरला जाऊन एक भला मोठा मॉनिटर घेऊन आला. येताना केळझरला थांबला, खोकं खांद्यावर घेऊन गणपतीच्या पायऱ्या चढला, देवापुढं ठेवलं, कुंकू लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पूजा. त्याच्या सासरची मंडळी आली, शेजारचे दुकानदार आले. पडद्याच्या चौकटीला हळदीकुंकू, हार, पुढं नारळ फोडलेला. यमुनाबाई सगळ्यांना पेढे वाटत होत्या. हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, कारण आज पाहायचं नव्हतं, पूजेला यायचं होतं.

प्रशांतनं पडदा सुरू केला. आधी नुसता पांढरा झाला, मग काकांचा फोटो आला. सगळे म्हणाले, वा. मी यमुनाबाईंकडं पाहिलं. हातात पेढ्यांचं ताट, आणि मान वाकडी.

"प्रशांतभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, पण खोली लहान होती, "वरच्या उजव्या अंगाले कवडी हाय रे."

प्रशांतचं तोंड उतरलं. त्याचे सासरे म्हणाले, "काय झालं? फसवलं काय जावईबापूंना?" आणि हसले. ते हसू प्रशांतच्या कानशिलापर्यंत लाल होऊन गेलं, मी पाहत होते. आमच्यात पूजा झालेली वस्तू परत देत नाहीत, पल्लवी. देवाच्या पायाशी ठेवलेली, कुंकू लावलेली. रीतीप्रमाणं आधी यमुनाबाईंनी पाहायचं आणि मग पूजा करायची. पोरानं उतावीळपणानं उलटं केलं होतं. आता त्या पडद्यात दोष आहे म्हणणं म्हणजे पोराच्या पहिल्याच कामाला अपशकुन.

मी म्हणाले, "यमुनाबाई, तुमचे डोळे थकले आता. मोतीबिंदूत सारंच पिवळं दिसते. दाखवून या एकदा दवाखान्यात."

सगळे हसले. यमुनाबाईसुद्धा हसल्या, सवयीनं. मग ताट खाली ठेवलं आणि डाव्या हातानं एक डोळा झाकून पडद्याकडं पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. "असंन बाप्पा," म्हणाल्या. "वय झालं."

हे झालं तोंडून निघून गेलेलं. त्याची मला एवढी लाज नाही. माणूस बोलून जातो, चारचौघांत पोराचं तोंड राखायला आई काहीही बोलते. लाज पुढची आहे.

आठ दिवसांनी दुपारी प्रशांत जेवायला गेला होता, यमुनाबाई आल्या नव्हत्या. मी दुकानात एकटी. मी शटर ओढलं, लाइट बंद केले, आणि काकांनी केला होता तसा तिकिटाएवढा पांढरा चौकोन करून मधून वर उजवीकडं सरकवत नेला. तीन चतुर्थांश वाटेवर तो पिवळा व्हायला लागला. कोपऱ्यात चांगला हळदीसारखा. मी दोनदा नेला, तीनदा नेला. मग बंद केलं आणि शटर वर केलं.

तेव्हा सांगायचं होतं. संध्याकाळी यमुनाबाई आल्या तेव्हाच सांगायचं होतं. त्याऐवजी मी काय केलं? प्रशांतला म्हणाले, "फोटो नेहमी डाव्या बाजूला ठेवत जा रे, उजवीकडं मान वळवून पाह्यलं की माझी मान दुखते." त्यानं ऐकलं. उजवीकडं बटणांच्या पट्ट्या लावल्या, फोटो डावीकडं. डावी बाजू चोख होती. त्यामुळं छापून आलेले फोटो अगदी बरोबर यायचे. एकाही चेहऱ्याचा रंग बिघडलेला नाही.

आणि हे बरोबर आलेले फोटो अल्बममध्ये कोण लावत होतं? यमुनाबाई.

समजतंय ना तुला? फोटो मुद्दाम डावीकडं ठेवलेत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना पडद्यावर पिवळं दिसत होतं आणि कागदावर रंग बरोबर निघत होता. एकदा, दोनदा, महिना, दोन महिने. कोणत्याही शहाण्या माणसानं जे समजायचं तेच त्या समजल्या. त्या एकदा फोटो हातात घेऊन किती वेळ उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचंच खरं. पडदा चांगला हाय. मीच बिघडली." मी हिशोबाच्या वहीत तोंड खुपसून बसले होते. मी "हूं" म्हणाले. एवढंच. हूं.

त्या दवाखान्यातही जाऊन आल्या. डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं. डॉक्टर म्हणाला, आजी, नजर छान आहे, मोतीबिंदू नावाला आहे, इतक्यात काही करायची गरज नाही. आनंदानं सांगायला यायला पाहिजे होतं की नाही? त्या तर अपराध्यासारख्या आल्या. "डॉक्टर पोरगा बोलाले गोड हाय. म्हाताऱ्या मानसाले कोन तोंडावर सांगते? मले तुमच्यावर भरवसा हाय वहिनी, तुमी तोंडावर सांगतलं."

पल्लवी, कोणी कधी माझी एवढी स्तुती केली नसेल. आणि कोणी कधी मला असं मारलंही नसेल.

त्यानंतर त्या बदलल्या. गल्लीतल्या बाया लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला त्यांना सोबत नेत असत, दोन थानांतला रंगाचा फरक त्या दुकानाच्या दारातूनच ओळखायच्या. आता जायच्या नाहीत. "दुसऱ्या कोनाले ने माय, मले कळत नाई." चहा बशीत न पाहता पिऊन टाकायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विचारायला लागल्या. प्रशांतच्या बायकोला, गिऱ्हाइकाला, कोणालाही. "हे पिवळं हाय का गं? मले पिवळं दिसून राह्यलं." ती पोरगी घाईत असायची, न पाहताच नाही म्हणायची. यमुनाबाई मान डोलवायच्या. पंधरा वर्षं आणि वर आमच्याकडची इतकी वर्षं ज्या बाईनं एकदाही कोणाला विचारलं नाही, ती बाई.

पुढच्या उन्हाळ्यात म्हणाल्या, भावाकडं रोहण्याला जाते. फोटो उलटेसुलटे लावले जातील माझ्याकडून, तुमचं नाव खराब होईल. मी राहा म्हणाले. पण जोर लावून म्हणाले नाही. त्या समोर नसल्या तर मला बरं वाटेल, हेही मनात होतं, आता लपवून काय करू.

मध्ये तीन वर्षं गेली. तो पडदा एक दिवस बंद पडला. दुरुस्तीवाला आला, त्यानं कसाबसा सुरू केला, सगळा राखाडी करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, इकडं उजवीकडं वर तं पिवळा धब्बा हाय. हा आजचा नाई, पहिल्यापासूनचा दिसते. तुमच्यासारखीच्या नजरेतून कसा सुटला?" प्रशांत शेजारीच उभा होता. तो पडद्याकडं पाहत होता, मग माझ्याकडं पाहिलं. त्याला माझी दुखरी मान आठवली असणार. "आई," एवढंच म्हणाला. "यमुनामावशी..." आणि पुढं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी आर्वीची गाडी धरली आणि तिथून रोहणा. मनात वाक्य पाठ करून गेले होते. यमुनाबाई, पडदा खराब होता, तुमचा डोळा नव्हता, मला माहीत होतं. तीन तुकडे. रस्ताभर म्हणत गेले.

त्या वावराच्या बांधावर निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. पुढं वांग्यांचा ढीग, बाजाराला न्यायची म्हणून भावाची सून निवडून टोपल्यांत भरत होती. यमुनाबाई नुसत्या देठं मोडत होत्या. निवडत नव्हत्या. मला पाहून उठल्या, "अवं माय! वहिनी! कोन्या वाटंनं आल्या?" हात धरला, खाली पोतं अंथरलं, सुनेला चहा ठेवायला घरी पिटाळलं. माझं सगळं विचारलं, प्रशांतचं, नातवाचं, दुकानाचं. "पडदा चांगला चालून राह्यला ना?" हेही विचारलं. तीच वेळ होती. मी म्हणाले, "बिघडला." त्या म्हणाल्या, "अरारा, चांगला होता." आणि सून चहा घेऊन आली.

असा दिवस गेला, बाई. दरवेळी वाक्य ओठापर्यंत आलं आणि दरवेळी काही ना काही मधात आलं, असं मी म्हणते. पण मधात दुसरं काही येत नव्हतं, मीच येत होते.

निघताना त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी लांबून दिसायला लागली होती. उन्हं उतरत होती, आणि मी त्यांच्या पुढं दोन पावलं चालत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"वहिनी, तुमच्या लुगड्याचा रंग घडीच्या रेघेवर उडाला की. पाठीमागून, डाव्या अंगानं. बाकीचं जांभळं हाय अन् एवढा पट्टा फिक्कट." आणि लगेच, आवाज खाली घेऊन, "का मलेच दिसून राह्यलं?"

मी पदर पुढं ओढून पाहिला. खरंच होतं. कपाटाच्या काचेतून ऊन येतं आमच्याकडं, घडीच्या कडेवर बोटभर पट्टा उडालेला. सकाळी नेसताना मला दिसला नव्हता. प्रशांतच्या बायकोला दिसला नव्हता. गाडीतल्या एकाही बाईला दिसला नव्हता.

"आहे हो," मी म्हणाले. "उडाला आहे. यमुनाबाई, तुम्हाला बरोबर दिसते. पडदापण तेव्हा पिवळाच होता. तुमचे डोळे चांगले आहेत, पहिल्यापासून चांगले आहेत." सगळं एका दमात बोलून टाकलं, पाठ केलेलं वाक्य पार मोडून गेलं.

त्या हसल्या. माझ्या दंडावर हात ठेवला, लहान लेकराची समजूत काढतात तसा थोपटला.

"तुमी माह्या मनासाठी म्हनून राह्यल्या," म्हणाल्या. "मले मालूम हाय. चढा, गाडी आली."

मी चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या फाट्यावर उभ्या होत्या, आणि माझ्या गाडीकडं नाही, रस्त्यापलीकडच्या कपाशीकडं पाहत होत्या. मान वाकडी केली, मग सरळ केली, मग खाली घातली आणि चालायला लागल्या.

तेव्हापासून मी गेले नाही. फोन केला दोनदा, सांगितलं पुन्हा. त्या ऐकतात आणि म्हणतात, "हो हो वहिनी." प्रशांतही बोलला. त्यालाही हो हो. आम्ही घरचे झालो ना, आम्ही मन राखायला बोलतो असं त्यांनी धरून ठेवलंय, आणि तसं धरायला मीच शिकवलं. आता माझं खरं बोलणं चालत नाही तिथं. म्हणून तुला म्हणते. तू त्यांच्या ओळखीची नाहीस, तुला त्यांचं मन राखायचं काही कारण नाही. तू नुसती शेजारी बसजो, काहीतरी दाखवून विचारजो, आणि त्या जे सांगतील ते बरोबर असलं तर बरोबर म्हणजो, चुकलं तर चुकलं म्हणजो. तुझं त्या कदाचित ऐकतील. कामाचं काय ते तिकडंच आटपून घे आणि लवकर येजो, पोरी. त्या आता थकल्या आहेत आणि मीही काही लहान राहिले नाही. तू आलीस की दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आपण दोघी रोहण्याला जाऊ.